कोंबडीच्या आतड्यातले ई. कोलाय आणि अँटिबायोटिक प्रतिरोध: स्वॅबपासून टक्केवारीपर्यंत

पोल्ट्रीतल्या कोंबडीच्या विष्ठेतून ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू वाढवणं हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं बहुधा सगळ्यात सोपं काम. मॅकॉन्कीच्या (ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू वाढवण्याच्या माध्यमाच्या) प्लेटवर स्वॅब फिरवा, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा, सकाळी गुलाबी कॉलन्या हजर. अँटिबायोटिकची डिस्क ठेवून तिच्याभोवती जंतू न वाढलेला गोल, म्हणजे झोन, मोजणंही आठवडाभरात हाताला बसतं. अडतं ते शेवटी. ‘टेट्रासायक्लिनला ७० टक्के प्रतिरोध’ असं वाक्य लिहून झालं की कोणीतरी विचारतं, हे ७० टक्के कशाचे? पक्ष्यांचे, शेडचे, कॉलन्यांचे, की एकाच स्ट्रेनच्या (जंतूच्या एकाच वाणाच्या) पस्तीस प्रतींचे? प्रबंधांचे मसुदे वाचताना हा प्रश्न मी समासात इतक्या वेळा लिहिला आहे, की त्याचा रबरी शिक्का करून घ्यावा असं वाटायला लागलं आहे.

हा लेख पशुवैद्यकाच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि छोट्या प्रयोगशाळेत हे काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे. पद्धत साधी डिस्क डिफ्यूजनची. जिथे लोक हमखास घसरतात, तिथे जरा जास्त थांबते.

आधी प्रश्न ठरवा, स्वॅब नंतर

वरवर एकसारखे दिसणारे तीन प्रश्न असतात आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा.

पहिला: पक्षी आजारी आहेत, मरतुक होते आहे, कोणतं औषध चालेल? इथे आतड्याचा स्वॅब कामाचा नाही. नुकत्याच मेलेल्या पक्ष्याचं यकृत, हृदयावरचं आवरण किंवा अस्थिमज्जा यांतून जंतू वाढवायचा. आतड्यात ई. कोलायचे कितीतरी स्ट्रेन एकत्र नांदत असतात आणि रोग करणारा त्यातला कोणता, हे विष्ठेची प्लेट सांगू शकत नाही.

दुसरा: निरोगी कळपातल्या नेहमीच्या ई. कोलायमध्ये प्रतिरोध किती पसरला आहे? यासाठी अँटिबायोटिक न घातलेलं माध्यम आणि त्यावरची कोणतीही एक कॉलनी घ्यायची.

तिसरा: या पक्ष्यांपैकी किती जण एखादा विशिष्ट प्रतिरोध, समजा ईएसबीएल (सेफोटॅक्झिमसारखी औषधं मोडणारी एन्झाइम), अंगावर वागवत आहेत? यासाठी लिटरमागे १ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम घातलेली मॅकॉन्की प्लेट लागते.

दुसऱ्या आणि तिसऱ्याची सरमिसळ ही या विषयातली सगळ्यात मोठी गफलत. समजा, एका कोंबडीच्या आतड्यात दर दहा हजार ई. कोलायमागे एक ईएसबीएलवाला आहे. सेफोटॅक्झिमच्या प्लेटवर तोच तेवढा उगवेल आणि पक्षी ‘पॉझिटिव्ह’ ठरेल. साध्या प्लेटवरून उचललेली कॉलनी मात्र जवळपास नेहमी साधीच निघेल. दोन्ही उत्तरं खरी आहेत. म्हणून सेफोटॅक्झिमच्या प्लेटवरून काम केलं असेल, तर ‘९० टक्के पक्ष्यांत ईएसबीएल ई. कोलाय आढळले’ असं म्हणता येतं. ‘९० टक्के ई. कोलाय ईएसबीएल आहेत’ असं अजिबात म्हणता येत नाही. औषध घातलेल्या माध्यमावरच्या कॉलन्या दुसऱ्या प्रश्नाच्या आकड्यांत मिसळल्या, की सगळा तक्ता वाया जातो.

पुढचं सगळं विवेचन मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाला धरून आहे. त्यासाठी ई. कोलायच का? तो जवळजवळ प्रत्येक पक्ष्यात असतो, खाद्य-पाण्यातून दिलेलं बहुतेक प्रत्येक औषध त्याच्यावरून जातं आणि प्लाझ्मिडची (जनुकं वाहून नेणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यांची) देवाणघेवाण तो सहज करतो. ग्रॅम पॉझिटिव्ह बाजू पाहायची तर एन्टेरोकॉकस घ्या. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर माणसाच्या दृष्टीने जास्त थेट महत्त्वाचे, पण ते प्रत्येक कळपात सापडतीलच असं नाही. कॅम्पिलोबॅक्टरला तर ४२ अंश आणि कमी ऑक्सिजनची सोय लागते. पहिल्याच प्रकल्पात त्याच्या वाटेला जाऊ नका.

पक्षी किती, शेड किती

एका शेडमधले हजारो पक्षी एकच पाणी पितात, एकाच तुसावर चालतात, एकमेकांची विष्ठा टोचतात. त्यामुळे तिथून घेतलेले ५० स्वॅब म्हणजे ५० स्वतंत्र साक्षीदार नव्हेत; एकाच घरातल्या ५० जणांनी सांगितलेली ती एकच हकिकत असते. हातात ५० प्लेटचीच ऐपत असेल तर २५ शेडमधून दोन-दोन नमुने घ्या आणि विश्लेषणात शेड हा गट म्हणून धरा.

तीन हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहेत. एखादा प्रतिरोध ५ टक्के नमुन्यांत असेल आणि तो निदान एकदा तरी सापडावा अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ५९ स्वतंत्र नमुने लागतात. आणि ३० नमुन्यांत एकही सापडला नाही, तर उत्तर ‘शून्य’ नसतं. खरं प्रमाण साधारण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. तसंच २० पैकी १२ प्रतिरोधी निघाले तर ‘६० टक्के’ हा आकडा एकटा लिहू नका, कारण त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ३९ ते ७८ इतकी ऐसपैस आहे.

शेडवरची वही

स्वॅबपेक्षा ही वही महत्त्वाची, आणि नेमकी तीच अर्धवट भरलेली असते. पक्षी ब्रॉयलर की लेयर, वय किती दिवस, पिल्लं कोणत्या हॅचरीची, तूस नवं की मागच्या बॅचचंच, पाण्याचा स्रोत कोणता आणि औषधं कोणती, हे सगळं हवं.

‘काही औषध दिलंय का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. खोटं बोलायचं असतं असं नाही; विचारणाऱ्याला सध्याच्या आजारपणातलं औषध म्हणायचं आहे, असा समज होतो. त्यापेक्षा ‘पिल्लं आल्यावर पहिल्या पाच दिवसांत पाण्यातून काय सोडलं?’ असं विचारा. मग बाटल्या दाखवायला सांगा आणि लेबलवरचा घटक उतरून घ्या. व्यापारी नावावरून आत एनरोफ्लॉक्सासिन आहे की डॉक्सिसायक्लिन, हे कळत नाही. खाद्याच्या पोत्यावरचं लेबलही वाचा. वाढीसाठी खाद्यातून थोड्या मात्रेत अँटिबायोटिक देण्याची रीत जगभर होती. युरोपीय संघाने ती १ जानेवारी २००६ पासून बंद केली, पण सगळीकडे नियम एकसारखे नाहीत.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो: ‘औषधाचा विथड्रॉवल पीरियड पाळलाय, म्हणजे प्रतिरोधाचा प्रश्न नाही.’ तो कालावधी मांसात किंवा अंड्यात औषधाचा अंश उरू नये यासाठी असतो. औषध शरीराबाहेर गेलं, तरी त्याने निवडून ठेवलेले जंतू आतड्यात आणि तुसात राहतातच. उलट, कधीच औषध न दिलेल्या कळपातही प्रतिरोध सापडतो, कारण पिल्लू हॅचरीतूनच तो घेऊन आलेलं असू शकतं.

नमुना घेणं

एका दिवशी अनेक शेड करायची असतील तर लहान वयाच्या पक्ष्यांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक शेडला बुटांवरची आवरणं बदला. तुमच्या पायांनी रोग पुढच्या शेडमध्ये गेला, तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे.

क्लोअकाचा (विष्ठा बाहेर पडते त्या छिद्राचा) स्वॅब घेताना मदतनीसाने पक्षी पंखांसकट छातीशी धरावा. स्वॅब निर्जंतुक सलाइनमध्ये ओला करून घ्या; कोरडा बोळा आतल्या अस्तराला ओरबाडतो. हलकेच आत सारून गोल फिरवा. बाहेर काढल्यावर बोळ्यावर तपकिरी-हिरवट विष्ठा दिसली पाहिजे. नुसता पांढरा युरेट (लघवीचा घट्ट अंश) लागला असेल तर दुसरा स्वॅब घ्या. मग केरी-ब्लेअर किंवा एमीजच्या, नमुना वाहून नेण्याच्या, माध्यमात बुडवून बर्फाच्या पेटीत ठेवा. नमुना थंड हवा, गोठलेला नको. शक्यतो २४ तासांच्या आत प्लेटवर गेला पाहिजे.

पक्षी धरणं शक्य नसेल तर ताजी विष्ठा चालते. नीट पाहिलं तर शेडमध्ये दोन तऱ्हेची विष्ठा दिसते: नेहमीची, घट्ट, वर पांढरी टोपी असलेली, आणि अधूनमधून पडणारी गडद तपकिरी, चिकट, टोपी नसलेली. ही दुसरी सीकममधून, म्हणजे आतड्याच्या आंधळ्या पिशवीतून, येते. कोणती घेतली ते लिहा आणि सगळीकडे तीच घ्या. कत्तलीच्या वेळी पूर्ण सीकम मिळत असेल तर उत्तमच.

कॉलनी उचलताना

मॅकॉन्कीवर स्ट्रीक करून ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवा. ई. कोलायची कॉलनी गुलाबी-लाल, सपाट, कोरडी दिसते. फुगीर, ओलसर, लूप लावला की तार सुटणारी गुलाबी कॉलनी बहुधा क्लेबसिएलाची.

आता प्लेटवर अशा ४० कॉलन्या आहेत. कोणती उचलाल? हात आपोआप सगळ्यात मोठीकडे जातो, आणि तिथेच निवडीत पक्षपात शिरतो. प्लेट उघडण्याआधीच तिच्या पाठीवर मार्करने एक ठिपका द्या. त्या ठिपक्याला सगळ्यात जवळची, सुटी, ई. कोलायसारखी दिसणारी कॉलनी घ्या. एका पक्ष्याकडून एकच. पाच कॉलन्या घेऊन पाच ‘आयसोलेट’ (वेगळे काढलेले जंतू) मोजले तर तुम्ही तोच स्ट्रेन पाचदा मोजलेला असू शकतो.

ती कॉलनी न्यूट्रिएंट अगारवर पुन्हा स्ट्रीक करून शुद्ध करा. हा एक दिवस वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मॅकॉन्कीतल्या पित्तक्षारांमुळे इतर जंतू दबलेले असतात, मेलेले नसतात. सुटी दिसणाऱ्या कॉलनीच्या तळाशी ते बसलेले असतात आणि साध्या माध्यमावर गेल्यावर डोकं वर काढतात.

ओळख पटवायला इंडोल, मिथिल रेड, व्हीपी (व्होगेस-प्रोस्काउअर) आणि सायट्रेट या चार चाचण्या: ई. कोलायमध्ये पहिल्या दोन पॉझिटिव्ह, पुढच्या दोन निगेटिव्ह. ईएमबी (इओसिन-मिथिलिन ब्लू) माध्यमावरची हिरवी धातूसारखी चमक डोळ्याला सुखावते, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. शुद्ध झालेला प्रत्येक आयसोलेट २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. सहा महिन्यांनी परीक्षक शंका काढतो तेव्हा ती कुपीच बाजू सावरते.

कोणत्या डिस्क ठेवायच्या

कपाटात आहेत त्या सगळ्या, हे उत्तर चुकीचं. पेनिसिलिन जी, एरिथ्रोमायसिन, टायलोसिन, लिंकोमायसिन, व्हॅन्कोमायसिन यांना ई. कोलाय मुळातच दाद देत नाही. त्याच्या बाहेरच्या पडद्यातून ती नीट आत शिरत नाहीत किंवा शिरली तरी बाहेर फेकली जातात. तरीही ‘एरिथ्रोमायसिनला १०० टक्के प्रतिरोध’ हा जणू शोध लागल्यासारखा छापलेला दिसतो. मासा पोहतो, इतकीच ती बातमी आहे.

सुरुवातीला पुरेसा संच असा: अँपिसिलिन १० मायक्रोग्रॅम, सेफोटॅक्झिम ३०, सेफ्टाझिडिम ३०, जेंटामायसिन १०, टेट्रासायक्लिन ३०, सिप्रोफ्लॉक्सासिन ५, ट्रायमेथोप्रिम-सल्फा १.२५/२३.७५, क्लोरॅम्फेनिकॉल ३० आणि मेरोपेनेम १०. सिप्रोफ्लॉक्सासिन पोल्ट्रीत देत नसले तरी हवंच. एनरोफ्लॉक्सासिनचं शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिनमध्येच रूपांतर होतं.

कोलिस्टिनची डिस्क मात्र ठेवू नका. हा रेणू मोठा असल्याने अगारमधून नीट पसरत नाही आणि झोनचा आकार काहीच सांगत नाही. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा तपासणं) करावं लागतं. कष्ट जास्त आहेत, पण एमसीआर-१ हे प्लाझ्मिडवरून एका जंतूतून दुसऱ्यात जाणारं कोलिस्टिन-प्रतिरोधाचं जनुक २०१५ मध्ये चीनमधून प्रसिद्ध झालं ते जनावरांतल्या, मांसातल्या आणि रुग्णांमधल्या ई. कोलायच्या तपासणीतूनच. चुकीच्या पद्धतीने ‘कोलिस्टिन: संवेदनशील’ लिहिण्यापेक्षा ती ओळ कोरी सोडा.

चाचणीचा दिवस

या दिवशी घड्याळ टेबलावर ठेवा.

१. म्युलर-हिंटन अगारची जाडी ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली. अगार पातळ झाला तर झोन मोठे येतात आणि प्रतिरोधी जंतू संवेदनशील दिसतो. जाड झाला तर उलट. प्लेट ओतताना टेबल समतल आहे ना, हे स्पिरिट लेव्हलने पाहा. पीएच ७.२ ते ७.४.

२. न्यूट्रिएंट अगारवरच्या १८ ते २४ तासांच्या तीन-चार कॉलन्या सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफारलंडशी (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाशी) जुळवा. म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १ ते २ कोटी नव्हे, १० ते २० कोटी जंतू. एका शून्याची ही चूक मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी पाहते. डोळ्याने जुळवत असाल तर मागे काळ्या रेघांचं पांढरं कार्ड धरा. फोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३.

३. पंधरा मिनिटांच्या आत स्वॅब बुडवा, नळीच्या भिंतीवर दाबून जादा पाणी काढा आणि प्लेट दर वेळी ६० अंशांत फिरवत तीनदा घासा. शेवटी कडेने एक फेरी.

४. पृष्ठभाग तीन ते पाच मिनिटं सुकू द्या. मग डिस्क ठेवा आणि चिमट्याच्या टोकाने हलकेच दाबा. ९० मिमीच्या प्लेटवर पाचपेक्षा जास्त नकोत. दोन डिस्कच्या केंद्रांत २४ मिमी अंतर. एकदा टेकलेली डिस्क सरकवू नका. औषध त्याच क्षणी पसरायला लागलेलं असतं.

५. पुढच्या पंधरा मिनिटांत प्लेट उलट्या करून ३५ अंशांवर ठेवा, १६ ते १८ तास. पाचपेक्षा उंच चळत लावली की मधल्या प्लेट उशिरा तापतात.

६. प्रत्येक खेपेला एटीसीसी २५९२२ या ई. कोलाय स्ट्रेनची, म्हणजे ज्याचे झोन आधीच ठाऊक आहेत अशा कंट्रोलची, प्लेट सोबत हवीच.

शेवटच्या कलमाची किंमत मी मोजली आहे. एका उन्हाळ्यात सलग तीन दिवस आमचे सगळे आयसोलेट अँपिसिलिनला प्रतिरोधी येत होते. पोल्ट्रीतला जंतू म्हटल्यावर कोणाला आश्चर्यही वाटलं नाही. मी तर प्रस्तावनेची वाक्यं जुळवायला लागले होते. चौथ्या दिवशी कंट्रोलची प्लेट लावली, तर तिथेही डिस्कभोवती जेमतेम ११ मिमी. तिथे १५ ते २२ यायला हवेत. फ्रीजमधून काढलेली डिस्कची नळी गार असतानाच उघडली जात होती, आत दव धरत होतं आणि बीटा-लॅक्टम औषध ओलीने विरघळून निकामी होत होतं. तीन दिवसांच्या सगळ्या प्लेट बाद. तेव्हापासून नळी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी फ्रीजवर आहे.

कंट्रोलच्या इतर मर्यादा: जेंटामायसिन १९ ते २६, टेट्रासायक्लिन १८ ते २५, सेफोटॅक्झिम २९ ते ३५, ट्रायमेथोप्रिम-सल्फा २३ ते २९ मिमी. एकही आकडा बाहेर गेला, तर त्या औषधाचे त्या दिवसाचे सगळे निकाल थांबवा.

झोन वाचताना

वाढ सलग गालिच्यासारखी हवी. सुट्या कॉलन्या दिसत असतील तर मिश्रण पातळ झालं होतं. चाचणी पुन्हा करा. प्लेट उलटी धरून, काळ्या पार्श्वभूमीवर, परावर्तित प्रकाशात कॅलिपरने मोजा. डिस्कचा व्यासही मोजमापात धरायचा.

ट्रायमेथोप्रिम-सल्फाची कड धूसर असते. तिथली पुसट वाढ सोडून जिथे दाट वाढ ठळकपणे थांबते तिथे मोजा. स्वच्छ झोनच्या आत दोन-चार टपोऱ्या कॉलन्या दिसल्या तर मात्र ‘घाण पडली असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. त्या उचला, शुद्ध करा, पुन्हा चाचणी लावा. कधी खरोखर भेसळ निघते, कधी प्रतिरोधी उपसमूह.

मिलिमीटर आहे तसे वहीत लिहा. नुसतं ‘आर’ (प्रतिरोधी), ‘आय’ (मधला), ‘एस’ (संवेदनशील) लिहून ठेवणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. का, ते पाहा: सीएलएसआय या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या जुन्या तक्त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचा झोन २१ मिमी किंवा जास्त असेल तर ई. कोलाय संवेदनशील धरत. २०१९ मध्ये हे निकष बदलले. आता २६ आणि वर संवेदनशील, २१ आणि खाली प्रतिरोधी. म्हणजे २१ मिमीचा तोच जंतू एका तक्त्यात पास, दुसऱ्यात नापास. जेंटामायसिनचे निकष २०२३ मध्ये असेच सरकले. कोणत्या वर्षाचा तक्ता वापरला हे न लिहिता जुन्या टक्केवारीशी तुलना केली, की प्रतिरोध ‘वाढलेला’ दिसणारच. मिलिमीटर हाताशी असले तर दोन्ही काळांचे आकडे एकाच मापाने मोजता येतात.

शिवाय हे निकष माणसाच्या उपचारासाठी ठरवलेले आहेत. कळपातला बदल लवकर टिपायचा असेल तर युकास्ट या युरोपीय समितीची ईकॉफ ही मर्यादा जास्त उपयोगी. औषध चालेल की नाही हे ती सांगत नाही, जंतू आपल्या मूळ स्वभावापासून ढळला आहे का, एवढंच सांगते.

सेफोटॅक्झिम किंवा सेफ्टाझिडिमचा झोन आकसला असेल तर त्याच औषधाची साधी डिस्क आणि ईएसबीएलला रोखणारं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घातलेली डिस्क शेजारी ठेवून बघा. दुसरीचा झोन ५ मिमी किंवा त्याहून जास्त मोठा आला, तर ईएसबीएल.

टक्केवारी आणि तिच्या आजूबाजूला

तीन किंवा अधिक वर्गांतल्या निदान एकेका औषधाला दाद न देणारा जंतू बहुप्रतिरोधी. इथे वर्ग मोजायचे, डिस्क नव्हे: सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिम मिळून एकच. निसर्गतः असलेला प्रतिरोध यात धरायचा नाही, नाहीतर प्रत्येक ई. कोलाय बहुप्रतिरोधी ठरेल.

औषधांच्या जोड्याही तपासा. पोल्ट्रीतल्या ई. कोलायमध्ये टेट्रासायक्लिन, सल्फा आणि अँपिसिलिनचा प्रतिरोध बहुतेकदा हातात हात घालून येतो, कारण जनुकं एकाच प्लाझ्मिडवर बसलेली असतात. त्यामुळे एखाद्या शेडने सल्फा कधीच वापरलं नसलं, तरी डॉक्सिसायक्लिनच्या प्रत्येक डोसाबरोबर सल्फाचा प्रतिरोधही जपला जातो. शेडवरच्या वहीशी निकाल ताडताना ‘दिलेलं औषध विरुद्ध त्याच औषधाचा प्रतिरोध’ इतकीच जोडी लावली, तर हे निसटतं.

वापरलेल्या सगळ्या प्लेट १२१ अंशांवर निदान ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. त्यांवर तुम्ही मेहनतीने निवडलेले प्रतिरोधी जंतू दाटीवाटीने वाढलेले असतात.

निकाल शेडमालकाला जरूर द्या, पण कागदाच्या पहिल्या ओळीत ‘निरोगी पक्ष्यांच्या आतड्यातील जंतूंची तपासणी’ असं ठळक लिहा. नाहीतर तो यादीतली संवेदनशील औषधं पाहून विचारतो, “मग आता यातलं कोणतं सोडू पाण्यात?” एकाने मला हेच विचारलं होतं. त्याच्या कागदावर शंभर टक्के संवेदनशील असं एकच औषध होतं: मेरोपेनेम. जे माणसांच्या अतिदक्षता विभागात राखून ठेवलेलं असतं. त्या दिवसापासून मालकाला द्यायच्या प्रतीत औषधनिहाय तक्ता नसतो. औषधांच्या वर्गानुसार प्रतिरोध, शेडची तुलना आणि खाली पशुवैद्याच्या सहीची जागा असते.